लांबीप्रमाणे लावलेले स्क्रू

२०२३ सालच्या जानेवारीत, एका दुपारी, अंजनाबाई खोब्रागड्यांनी पलंगाखालचा पत्र्याचा डबा ओढून काढला आणि सतरंजीवर उपडा केला. गॉजच्या पुरचुंड्या घरंगळत चहूकडे गेल्या. एक तर थेट उंबऱ्यापर्यंत गेली. प्रत्येक पुरचुंडीवर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर नाव, गाव, तारीख. काही पट्ट्यांवरची शाई उडाली होती, पण अंजनाबाईंना अक्षरांची गरज नव्हती. त्या पुरचुंडी तळहातावर घ्यायच्या, वजन पाहायच्या आणि सांगायच्या.

"हा घोट गावचा. झाडावरून पडला होता, मोहाच्या. ही मार्कंड्याची म्हातारी. मांडीचं हाड. आठ दिवसांत उठून नदीवर गेली होती, मी जाऊन धरून आणली."

समोर दिव्यानी वही घेऊन बसली होती. ती अंजनाबाईंच्या भावाची नात. नागपूरला धातूंवर संशोधन करत होती आणि सुट्टीत चंद्रपूरला आली की आजीकडे दोन दिवस राहायची.

"आजी, हे सगळं जपून काऊन ठेवलं व?"

"फेकवलं नाई म्हणून."

दिव्यानी हसली आणि वहीत आकडा लिहिला. मोडलेल्या हाडांना लावायच्या चौदा पोलादी पट्ट्या, काही सळ्या, आणि स्क्रू तर ओंजळभर. माणसांच्या हाडांवर वर्षानुवर्षं बसलेलं आणि मग काढलेलं जुनं पोलाद तिला हवं होतं. प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्यात ठेवून गंजवलेलं पोलाद कितीही मिळतं. खऱ्या अंगात राहून आलेलं मिळत नाही. मोठ्या दवाखान्यांत ते कचऱ्यात जातं. आणि इथे आजीच्या पलंगाखाली नाव-गावासकट पडलेलं होतं.

चामोर्शीच्या अलीकडे नदीकाठी एक धर्मादाय दवाखाना होता. आता तिथे कुंपण आणि बोरीची झुडपं आहेत. एक डॉक्टर, चौदा खाटा, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत अंजनाबाई. सव्वीस वर्षं त्या खोलीची किल्ली त्यांच्या पदराच्या टोकाला होती. तिथे एक रीत होती. हाड सांधलं, पट्टी काढली, की ती पट्टी दवाखान्याची. ती घासायची, उकळायची, वाफेत ठेवायची आणि पुढच्या मोडलेल्या हाडावर लावायची. नवा सेट नागपूरहून यायला पंधरा पंधरा दिवस लागत, आणि बैलगाडीतून कण्हत आलेला माणूस पंधरा दिवस थांबू शकत नाही. २००९ साली दवाखान्याला कुलूप लागलं, तेव्हा शेवटचा डबा त्या घरी घेऊन आल्या.

"अन् तुहं नवीन ते काय आहे?" त्यांनी विचारलं.

दिव्यानीनं पाकिटातून एक चकचकीत फीत काढली. बोटभर रुंद, कागदाहून थोडी जाड. अंजनाबाईंनी ती उजेडात धरली तर तिच्यात खिडकी दिसली, खिडकीतला लिंबाचा फाटा दिसला.

"याले धातूची काच म्हणतात. साध्या धातूत दाणे असतात, आजी. आपल्या गावच्या धानाच्या बांध्या कशा असतात, बांधीला लागून बांधी, मधात मातीचा धुरा? तसे. गंज लागतो तो धुऱ्यापासून."

"पाणी फुटते ते धुऱ्यातूनच फुटते."

"तेच. हा धातू वितळवून इतक्या झटकन थंड करतात का दाण्याले दाणा बनाले वेळच भेटत नाई. मंग धुरा नाई. गंजाले घुसाले जागा नाई. पाकाचं पाह्यलं ना तू? हळूहळू थंड झाला तं साखर धरते, एकदम थंड केला तं काचेवानी होते."

"म्हणजे गंजतच नाही?"

"एक प्रकार जवळजवळ गंजतच नाई. दुसरा मॅग्नेशियमचा, तो मुद्दाम विरघळणारा. हाड सांधेपर्यंत राह्यचं आन् मंग अंगात जिरून जायचं. पहिले त्यातून गॅसचे बुडबुडे निघत, हाडाजवळ पोकळ्या पडत. जस्त वाढवलं तं बुडबुडे थांबतात. मी सदतीस डिग्रीवर मिठाच्या पाण्यात ठेवून पाहून राह्यली. लिटरला नऊ ग्रॅम मीठ."

"म्हणजे सलाईनच की."

"सलाईनच. मंग पेशी सोडतो त्यावर. जगतात का मरतात ते पाहतो. त्याले मोठं नाव आहे, पण अर्थ एकच. अंगाले सोसते का नाई."

"मानवते का नाई म्हण," अंजनाबाई म्हणाल्या. फीत त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती. "विरघळून गेली तर काढायले परत यायची गरजच नाई कोणाले. किती जण आलेच नाईत, दिव्या. दीड वर्षानं या म्हणून सांगायची मी. एवढ्या जंगलातून कोण येते? तसेच जळाले, पट्टीसकट."

दिव्यानीनं सगळ्या पुरचुंड्या पिशवीत भरल्या. तपासायच्या तर कापाव्या लागतील, असं तिनं आधीच सांगितलं होतं. अंजनाबाईंनी मान हलवली होती. तरी पिशवी दाराबाहेर गेली तेव्हा त्या फाटकापर्यंत मागे गेल्या, सासरी चाललेल्या लेकीच्या मागे जावं तशा.

मार्चमध्ये दिव्यानी परत आली ती लॅपटॉप घेऊन. जेवण झाल्यावर तिनं तो पाटावर मांडला आणि आजीला चष्मा लावायला लावला.

"एक गंमत दाखवतो तुले. नमुना नंबर नऊ."

पडद्यावर राखाडी रंगाचा एक प्रदेश होता, आणि त्यात खड्डे. देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यावर असतात तसे. एका भोकाभोवती तर धातू कुरतडल्यासारखा दिसत होता.

"या पट्टीला सात स्क्रू होते. पाच भोकं पाहा, ठीक आहेत. खालची दोन पाहा. मी स्क्रूच तपासले मंग. पाच एका धातूचे निघाले, दोन अलगच. हलक्या पोलादाचे. दोन जातीचे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकाले लागले का एक दुसऱ्याले खाते. पाच-दहा वर्षं हे खाणं चालू होतं, माणसाच्या पायात." ती खुशीत होती. "ज्यानं कोणी ही मिसळ केली ना आजी, त्याचे आभार मानले पाह्यजेत मी प्रबंधात. असा नमुना मुद्दाम बनवाचा म्हटलं तं कोण बनवू देईन?"

"नाव काय होतं पट्टीवर?"

दिव्यानीनं वही उलटली. "भांडेकर. लटारू भांडेकर. ९३."

अंजनाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. पडद्याकडे मात्र पाहिलं नाही.

"याच्यानं जखम वाहू शकते?"

"शकते ना. निकेल, क्रोमियम, सुटत राह्यते. आजूबाजूचं मांस काळं पडते. काळं पाणी येते. अर्थात जंतूबी असू शकतात, एकच कारण आहे असं मी कागदावर लिहू नाई शकत."

"अन् खाण्यानं?"

"कायच्या खाण्यानं?"

"वांगं. सुकी मासोळी."

दिव्यानी मोठ्यानं हसली. "आजी, तू नर्स आहे ना व? वांग्यानं स्टील गंजत नाई."

ती झोपायला गेल्यावरही अंजनाबाई पाटाजवळ बसून राहिल्या.

लटारू त्यांना चांगला आठवत होता. तीस-बत्तीसचा, अंगानं दणकट. जंगलात बांबू भरायला गेला होता, मोळी घसरून नडगीवर आली. दवाखान्यात आणला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि गावची वीज गेलेली होती. मोठी खिडकी उघडून, तिच्या उजेडात डॉक्टरांनी सुरुवात केली. पट्टी बसली, पाच स्क्रू बसले, आणि ट्रेमधले स्क्रू संपले.

अंजनाबाईंनी मागच्या कपाटातला डबा उघडला. काढलेले सारे स्क्रू त्या एकाच डब्यात ठेवायच्या, लांबीप्रमाणे. बत्तीस मिलिमीटरचे एका कप्प्यात, छत्तीसचे दुसऱ्यात, चाळीसचे तिसऱ्यात. ही त्यांची स्वतःची मांडणी. डॉक्टर पाहुण्यांना कौतुकानं ती दाखवायचे. अंधारातही हात घातला तर हव्या त्या लांबीचा स्क्रू हाती यायचा. तो कुठल्या सेटमधला, कुणी बनवलेला, हे त्या मांडणीत कुठेच नव्हतं. पांढरं ते पांढरं.

डॉक्टरांनी स्क्रू हातात घेतला आणि मान वर न करता विचारलं होतं, "याच सेटमधले ना?"

"हो," त्या म्हणाल्या होत्या.

खोटं बोलायचं म्हणून नाही. पायाला दिलेली भूल उतरत आली होती, खिडकीतला उजेड सरकत होता, आणि त्या प्रश्नाला दुसरं कोणतंही उत्तर दिलं असतं तर सगळंच थांबलं असतं.

इथवर त्या स्वतःला समजावू शकत होत्या. खरी गाठ पुढे होती. चार महिन्यांनी लटारूला परत आणलं तेव्हा टाक्यांच्या खालच्या टोकाशी भोक पडलं होतं आणि त्यातून काळसर पाणी येत होतं. सोबत त्याची आई बायनाबाई होती आणि बायको गुणाबाई. बावीस वर्षांची, कडेवर पोर. अंजनाबाईंनी मलमपट्टी सोडली, वास घेतला आणि साऱ्या वॉर्डासमोर तिला विचारलं होतं, काय चारलं? पोरगी घाबरली. त्याला तोंडाला चव नव्हती म्हणून एकदाच वांग्यात सुकी मासोळी घालून दिली होती, असं म्हणाली.

"पाह्य मंग आता," अंजनाबाई म्हणाल्या होत्या. "तुह्या हातच्या घासानं नवऱ्याचा पाय सडला."

ते वाक्य बायनाबाईनं उचललं आणि गावी नेलं. पुढे अकरा वर्षं तो पाय वाहिला. दर दोन-तीन महिन्यांनी लटारू मलमपट्टी बदलायला यायचा आणि बायनाबाई सोबत असली की सांगायची, आता त्याचं ताट मीच वाढते जी, त्या बाईच्या हाताले लागूच देत नाई. अंजनाबाई मान हलवायच्या. पथ्य पाळलं जातंय याचं त्यांना बरंच वाटायचं. शेवटी २००४ साली चंद्रपूरच्या एका डॉक्टरनं पट्टी काढली, जखम महिन्याभरात भरली, आणि लटारू लंगडत पट्टी स्क्रूंसकट परत द्यायला आला. "घ्या बाई, तुमची अमानत." पट्टीवर काळे डाग होते. इतकी वर्षं अंगात राहिली की व्हायचेच, असं म्हणून त्यांनी ती गॉजमध्ये गुंडाळली होती.

पंधरा दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. शेवटी दिव्यानीला फोन करून सगळं सांगितलं.

"आजी, त्या काळात सगळीकडंच असं चालत होतं," दिव्यानी म्हणाली. "आन् मी म्हटलं ना, जंतूबी असू शकतात. पक्कं नाई सांगता येत."

"तू कागदावर पक्कं सांगू नोको," अंजनाबाई म्हणाल्या. "मले कागदावर नाई सांगायचं."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या एसटीनं चामोर्शीला उतरल्या आणि तिथून वडापच्या गाडीनं गावात गेल्या. बहात्तर वर्षांच्या बाईनं एवढ्या उन्हात एकटीनं जायचं, म्हणून शेजारणीनं पाण्याच्या दोन बाटल्या बळेच पिशवीत घातल्या होत्या.

भांडेकरांचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, जड वास दारापर्यंत आला होता. गुणाबाई उकिडवी बसून फुलांतली काडी-पानं वेचत होती. केस पांढरे झाले होते, पण अंजनाबाईंनी तिला ओळखलं. तिनंही ओळखलं. ती लगेच उठली नाही. आधी डोक्यावर पदर घेतला, मग उठली.

"नर्सबाई. या जी. इकडं कुठी वाट चुकल्या?"

"तुझ्याकडंच आली."

"माह्याकडं?" गुणाबाईनं मागे वळून पाहिलं, जणू दुसरं कुणी उभं असावं. "दीपिका, पानी आण व! दवाखान्याच्या बाई आल्या."

दीपिका म्हणजे सून. तिनं गडवा-पेला आणला, बाज ओढली. लटारू पडवीत खुर्चीवर बसला होता, एक पाय लांब केलेला. हात जोडून त्यानं मोठ्यानं नमस्कार केला आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला.

"कानानं गेले ते," गुणाबाई म्हणाली. "माणूस दिसला का हात जोडते. काल कुत्र्यालेबी जोडले."

दीपिका खुदकन हसली आणि आत गेली.

गुणाबाई पुन्हा फुलांपाशी बसली, पण अंजनाबाई बाजेवर बसल्या नाहीत. गुणाबाईशेजारी, मोहफुलांच्या कडेला, जमिनीवर बसल्या. गुडघे वाजले. त्यांनी प्रवासभर शब्द जुळवले होते. त्यातला एकही उपयोगी पडला नाही. त्यांनी सरळ सांगितलं. डबा, सात स्क्रू, त्यातले दोन, डॉक्टरांचा प्रश्न, आपलं उत्तर. मग नातीनं काय पाहिलं ते.

"वांग्यानं काही झालं नव्हतं, गुणा. मासोळीनंबी नाई. मी जे बोलली तुले, ते खोटं होतं. मले तवा माईत नव्हतं, पण खोटंच होतं."

गुणाबाईची बोटं फुलांत फिरत होती. एक काडी निघाली, ती तिनं बाजूला ठेवली. मग आणखी एक. पडवीतून लटारू खाकरला.

"सासूबाई मरतेवेळीबी बोलून गेली मले," ती म्हणाली. "माह्या पोराले तुह्या हातानं वाढजो नोको. नंतर नणंद राह्यची इथी, ते वाढे. आता दीपिका वाढते. सैपाक मीच करतो जी. फक्त ताट नाई द्याचं त्यायले." तिनं हातातली काडी मोडली. "माह्या पोरीच्या लग्नात सारे पंगतीत वाढून राह्यले होते. मले म्हटलं, तू बस बाजूले."

अंजनाबाईंनी तिच्या हाताकडे हात नेला आणि अर्ध्यातून मागे घेतला.

"काय करू सांग. तू म्हणशीन ते करतो."

गुणाबाईनं पडवीकडे पाहिलं.

"त्यायले सांगा."

"सांगतो."

"असं नाई. हळू सांगतलं तं ऐकू येत नाई त्यायले. मोठ्यानं सांगा लागते."

अंजनाबाई उठल्या. पडवीच्या पायरीपाशी गेल्या. आयुष्यभर वॉर्डात हळू बोला, हळू बोला म्हणणारी ती बाई, घसा साफ करून पहिल्यांदाच ओरडली.

"लटारूभाऊ! तुमचा पाय खाण्यानं नव्हता बिघडला!"

"आं?"

"पाय! खाण्यानं नाई बिघडला! माह्यानं बिघडला! मी चुकीचे स्क्रू देल्ले होते!"

शेजारच्या कुडावरून एक डोकं वर आलं. समोरच्या घरातल्या दोघी बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. रस्त्यानं बकऱ्या घेऊन जाणारा म्हातारा थांबला, बकऱ्या पुढे गेल्या.

"दोन स्क्रू अलग धातूचे होते! त्याच्यानं काळं पाणी येत होतं! गुणाबाईची काही चूक नव्हती!"

लटारू ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, आश्चर्य आलं नाही. तो हसला, ओळखीचं, समजूतदार हसू. आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, साऱ्या गल्लीला जाईल अशा आवाजात म्हणाला,

"माईत आहे मले, बाई!"

अंजनाबाईंना वाटलं, त्यांनाच नीट ऐकू आलं नाही.

"चंदरपूरच्या डाक्टरनं सांगतलं होतं तवाच. पट्टी दाखवून सांगतलं. ये स्क्रू अलग है म्हणे, किसने डाला? तक्रार करो म्हणे. मी म्हटलं, राहू द्या जी. त्या बाईनं आमच्या साऱ्या गावची बाळंतपणं काढली. माह्या पोरीची नाळ त्यायनं कापली. दवाखाना बंद पाडतीन लोकं, मंग आम्ही जाऊ कुठी?" त्यानं छातीवर हात ठेवला. "कोणाले नाई सांगतलं मी. एका शब्दानं नाई. माह्या घरातबी नाई सांगतलं!"

तो थांबला आणि शाबासकीची वाट पाहिल्यासारखा अंजनाबाईंकडे पाहू लागला.

दारातल्या बायांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला. मागे मोहफुलांवरची सळसळ थांबली होती.

"कधी?" गुणाबाईनं विचारलं.

लटारूला ते ऐकू गेलं नाही. दीपिका दारात येऊन उभी राहिली होती, तिनं एकदा सासूकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "आई विचारून राह्यल्या, कधी सांगतलं डाक्टरनं?"

"पट्टी काढली तवा. दोन हजार चार. पोळ्याच्या पहिले."

"आमची पोरगी, करिष्मा, सातवीत होती," गुणाबाई म्हणाली.

एवढंच. मग तिनं कडेचं टोपलं ओढलं, वेचलेली फुलं त्यात भरली, टोपलं भिंतीशी नेऊन ठेवलं आणि पदरानं हात पुसले. तिला कसली घाई नव्हती. अंजनाबाईंना मात्र त्या टोपल्याकडे पाहवेना. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एक वाक्य टाकलं होतं आणि ते परत घ्यायला त्या आल्या होत्या. ते वाक्य घरात कुणी सांभाळून ठेवलंय, आणि कुणासाठी, हे त्यांना आताच कळत होतं. त्यांच्यासाठी. त्यांचं नाव राहावं म्हणून.

जेवल्याशिवाय सोडायचं नाही, असं दीपिकानं ठरवलं होतं. पडवीत दोन ताटं मांडली. भात, वरण, भाजी. अंजनाबाईंचं ताट दीपिकानं त्यांच्यासमोर ठेवलं. दुसरं उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि सासूपुढे केलं.

"आई, आज तुम्ही द्या बाबाले."

गल्लीतली माणसं अजून गेली नव्हती. गुणाबाईनं ताटाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. तो हात धुऊन, मांडी घालता येत नाही म्हणून पाय पसरून, वाट पाहत बसला होता.

"नेऊन ठेव आत, चुलीपाशी," ती म्हणाली. "हात आहेत त्यायले. उठून घेतीन."

लटारूला काय चाललंय ते कळायला वेळ लागला. मग भिंतीला धरून तो उठला, लंगडत आत गेला आणि ताट घेऊन आला. येताना वरण सांडलं. कुणी पुढे झालं नाही. पानात टाकणं बरं दिसलं नसतं, म्हणून अंजनाबाई जेवल्या.

गाडीपर्यंत सोडायला गुणाबाई आली. गाडी दिसली तेव्हा ती म्हणाली,

"तुम्ही आल्या नसत्या तं मले माईतच नसतं पडलं."

हे आभार होते की गाऱ्हाणं, ते अंजनाबाईंना कळलं नाही. त्यांनी हात जोडले. गुणाबाईनं नमस्कार घेतला, नाकारला नाही.

दिव्यानीला पुढच्या वर्षी पदवी मिळाली. तिचे विरघळणारे खिळे अजून सशांच्या हाडांतच आहेत. माणसांपर्यंत यायला आणखी दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त, असं ती म्हणते. प्रबंधात नमुना क्रमांक नऊपुढे तिनं एक ओळ लिहिली आहे, की दोन स्क्रू वेगळ्या धातूचे असून ते परिचारिकेनं निवडले होते. ही ओळ आजीनं लिहायला लावली. मार्गदर्शक म्हणाले, याची काय गरज? दिव्यानीनं ती काढली नाही.

दीपिकाचं दुसरं बाळंतपण गडचिरोलीला झालं, मुलगा झाला. कुडावरून डोकावणाऱ्या शेजारणीनं ती दुपार गावोगावच्या बाजारात इतक्यांदा सांगितली, की आता चामोर्शीच्या बाजारात अंजनाबाईंना न पाहिलेली माणसंही ती सांगतात. कुणी म्हणतं बाई रडली, कुणी म्हणतं पाया पडली. तसं काही झालं नव्हतं.

अंजनाबाई चंद्रपुरातच आहेत. दृष्टी मंद झाली आहे. शेजारची कुणी सून पथ्याचं विचारायला आली, तर त्या आधी गप्प राहतात.

गुणाबाई त्याच पावसाळ्यात लेकीकडे गेली, मोहर्लीला. करिष्माचा नवरा वाघ पाहायला येणाऱ्यांची जिप्सी चालवतो आणि त्यांनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या आहेत. आठ दिवसांसाठी गेलेली गुणाबाई परतली नाही. तिथे सैपाक ती करते आणि वाढतेही तीच. पुण्या-मुंबईची माणसं तिच्या हातचं जेवतात, आणखी मागतात, जाताना फोटो काढतात. वांगी-सुकी मासोळी तर तिच्या नावानं मागतात, असं करिष्मा अंजनाबाईंना फोनवर सांगते.

महिन्यातून एकदा लटारू एसटी बदलत बदलत तिथे जातो. पाहुण्यांची पंगत बसते, तिच्या टोकाला जागा असते, तिथे तो पाय लांब करून बसतो. गुणाबाई एकेकाला वाढत येते. टोकापर्यंत आल्यावर ती काय करते, हे करिष्मानं कधी सांगितलं नाही, आणि अंजनाबाईंनीही विचारलं नाही.